कापसाच्या ओळीतला इरवा



रोजच्या जगण्यातल्या लहानसहान सुखांवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी पहिल्यांदा कचरलोच. मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस. दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीकाठचं बोरी अरब हे माझं गाव. आमच्या जिल्ह्याचं नाव गेली वीस-पंचवीस वर्षं पेपरात बहुतेक एकाच कारणानं येतं, आणि ते कारण सुखाचं नाही. अशा मुलखातल्या माणसानं रेडिओवर बसून प्रवासाच्या, पुस्तकांच्या, खाण्यापिण्याच्या गप्पा माराव्यात, हे बरं दिसेल का? घरी हे बोलून दाखवलं. पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय एवढं? सासूबाईंच्या इरव्यावर बोला." आणि मला एकदम वाट सापडली.

विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांना इरवा हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडे कपाशीची पेरणी व्हायची. बा पुढे, त्याचं लक्ष सगळं कपाशीच्या तासाकडे. माय मागून यायची. तिच्या ओटीत पाच-सहा पुरचुंड्या असायच्या. एकीत अंबाडी, एकीत तीळ, एकीत बरबटी म्हणजे तुमची चवळी, एकीत भेंडी, एकीत वाळकाचं बी. कपाशीच्या ओळींच्या मध्ये, बांधाच्या कडेनं, जिथं जागा दिसेल तिथं ती ते चिमूट चिमूट टाकत जायची. मुख्य पिकाच्या आसऱ्यानं वाढणारं हे जे घरापुरतं पीक, तो इरवा. त्याचा हिशेब कोणत्या वहीत नसायचा. त्याला बाजारभाव नव्हता, सातबाऱ्यावर तो लागत नव्हता.

कापूस घरात यायला दिवाळी उजाडायची. इरवा मात्र श्रावणातच ताटात यायला लागायचा. आधी अंबाडीची कोवळी पानं, मग भेंडी, मग बरबटीच्या शेंगा. भादव्यात शेतातच बसून खायची वाळकं. पुढे संक्रांतीला घरचे तीळ. आणि अंबाडीची झाडं वाळली की तिच्या सालीचे दोर वळले जायचे, म्हणजे बैलाच्या कासऱ्यापर्यंत इरव्याची सोबत. माय म्हणायची, "कापूस सावकाराचा, इरवा आपला." लहानपणी मला यातली गंमतच वाटायची. त्यातला हिशेब कळायला बरीच वर्षं जावी लागली.

याच शब्दाचं नाव दिलेला एक कवितासंग्रह मराठीत आहे. वऱ्हाडी बोलीतले कवी शंकर बडे यांचा 'इरवा'. बडे आमच्याच बोरी अरबचे. त्यांचा 'बॅरिष्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग विदर्भातल्या पुष्कळ गावांनी पाहिला आणि हसता हसता डोळे पुसले. २०१६ साली ते गेले. त्यांचं पुस्तक मी पहिल्यांदा घरी आणलं आणि मायला त्यातल्या चार-दोन कविता वाचून दाखवल्या. ती चुलीपुढे बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला. म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच बोलते, बाप्पा! असंबी पुस्तकात असते काय?" आयुष्यभर पुस्तक म्हणजे परक्याचं, शुद्ध बोलणाऱ्यांचं, असं समजणाऱ्या बाईला त्या दिवशी आपली बोली छापील कागदावर भेटली. मी तीसेक वर्षं मास्तरकी केली, पण वाचनाचं सुख म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी जितकं दिसलं तितकं कोणत्याही वर्गात दिसलं नाही.

तर मंडळी, मला सांगायचं ते एवढंच की माणसाच्या दिवसातही असा एक कापूस असतो आणि एक इरवा असतो. नोकरी, शेती, मुलांची शिक्षणं, कर्जाचे हप्ते, मुलीचं लग्न, हा सगळा कापूस. त्याच्यावाचून चालत नाही. पण त्याच्या ओळींच्या मधली जी जागा असते, तिच्यात आपण काय टाकतो? की ती कोरीच ठेवतो?

माझ्या बानं ती बरीचशी कोरी ठेवली. बा वाईट नव्हता, कंजूष तर मुळीच नव्हता. पण त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, "कापूस इकला का पाहू." चप्पल तुटली, कापूस विकला की पाहू. मायला माहेरी जायचं आहे, कापूस विकला की पाहू. मग कापूस विकला जायचा. चुकारा हातात पडायचा. तो उधारीत, बियाण्यात, सावकाराच्या व्याजात जिरायचा, आणि तेच वाक्य पुढच्या हंगामावर जाऊन बसायचं.

त्या वाक्याखाली दबलेली बाची एक फार जुनी हौस होती. आमच्या भागातून 'शकुंतला' नावाची लहान रेल्वे जायची, ते पुष्कळांना ठाऊक असेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडातला कापूस वाहून नेण्यासाठी ती सुरू केली. आमचा कापूस या गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढे बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा. गंमत अशी की त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते चाललं, मग डिझेल इंजिन आलं.

मी दहा वर्षांचा असताना, म्हणजे १९६६च्या सुमारास, बानं मला लाडखेडच्या स्टेशनावरून या गाडीत बसवून यवतमाळला नेलं होतं. काम होतं बैलाच्या औषधाचं. मी आपला लटांबर. गाडी अशी चालायची की एखाद्यानं उतरून बोरं वेचावीत आणि पुन्हा चढावं. खिडकीतून ज्वारीची शेतं, मधेच पळसाचं रान, रुळाशेजारी गाडीशी शर्यत लावणारी पोरं. डब्यात एक म्हातारी कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेली. माझ्या तोंडावर कोळशाची कणी उडाली ती बानं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाला, "एक डाव शेवटच्या टेसनापर्यंत जाऊ. मूर्तिजापुरात आपली लहान गाडी मोठ्या गाडीच्या बाजूले उभी राह्यते म्हणतात. ते पाहू." मी विचारलं, कधी? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

बा १९८९ साली गेला. शेवटचं स्टेशन त्यानं पाहिलं नाही. तिकीट काही फार नव्हतं हो. एसटीपेक्षा कमीच पडायचं. वेळ लागायचा, एक दिवस मोडायचा, एवढंच. तेवीस वर्षांत तो एक दिवस निघाला नाही.

आता माझी फजिती ऐका. बाची हौस आपण पुरी करायची, असं मी मनाशी घोकत राहिलो. पण शाळा होती, परीक्षांचे पेपर होते, घराचं बांधकाम निघालं. म्हटलं, रिटायर झालो की जाऊ. म्हणजे बोली बदलली, वाक्य तेच! २०१४ साली मी रिटायर झालो, आणि त्या सुमारास शकुंतलेच्या फेऱ्या रखडत रखडत बंदच पडल्या. दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन, लाडखेडचं स्टेशन, सगळं उरलं, गाडी उरली नाही. सुख आपल्यासाठी थांबून राहील, असा आपला एक समज असतो. कधी माणूस थांबत नाही, कधी गाडी थांबत नाही.

मग मी हिशेब मांडायला बसलो. बाच्या आयुष्यात सुखाचे क्षण नव्हतेच का? होते. पण त्यानं ठरवून आणलेले फार थोडे. बरेचसे मायनं ओळीच्या मध्ये टाकून ठेवलेले.

खाण्याचंच घ्या. आमच्या घरी पक्वान्न वर्षातून चार-दोनदा. पण अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालून माय ती अशी घोटायची, वरून तेलात कडकडीत तळलेल्या लसणाची फोडणी, सोबत गरम भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, की शेतातून वाकून आलेला बा पाटावर बसता बसता सरळ व्हायचा. हिवाळ्यात कधी शेतात रोडगे व्हायचे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, आत तूप सोडायचं, आणि वांग्याची झणझणीत भाजी. सगळं बिऱ्हाड झाडाखाली. त्या दिवशी बा हमखास गोष्टी सांगायचा, एरवी महिनोन्‌महिने न बोललेल्या. आज यवतमाळात हॉटेलांच्या पाट्यांवर 'वऱ्हाडी थाळी' लिहिलेलं दिसतं. चांगली गोष्ट आहे. पण रोडग्याची अर्धी चव गोवरीत असते आणि अर्धी सोबतीला बसलेल्या माणसांत, ती पार्सलमध्ये येत नाही.

वाचनाचंही तसंच. बा चौथी शिकलेला. घरात पुस्तक नावाला एक पोथी. पण बाजाराच्या दिवशी गूळ, फुटाणे, जिरं असं काय काय कागदाच्या पुड्यांतून यायचं. माय पुडी सोडायची, जिन्नस डब्यात घालायची आणि कागद बाकडे द्यायची. तो कंदिलाशी बसून प्रत्येक तुकडा वाचायचा. कुठं अर्धी बातमी, कुठं कथेचा मधलाच भाग. ना सुरुवात, ना शेवट. मग तो आम्हाला विचारायचा, "बरं, पुढं काय झालं असन?" आणि आम्ही भावंडं त्या गोष्टीचा शेवट करायचो. माझा भाऊ प्रत्येक गोष्टीत एक बिबट्या आणायचा. पुढे मी मराठी शिकवायला लागलो तेव्हा मुलांना अर्धीच गोष्ट वाचून दाखवायचो आणि उरलेली लिहायला लावायचो. निरीक्षकांनी एकदा या पद्धतीचं नाव विचारलं. मी म्हटलं, "पुडी पद्धत!"

कपड्यांची गोष्ट तर आणखी मजेशीर. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. अंगात काय असावं? सुती. पण माझ्या बहिणीच्या लग्नात, १९७८ साली, बानं हौसेनं टेरिकॉटचा शर्ट शिवला. तेव्हा टेरिकॉट म्हणजे प्रतिष्ठा. चुरगळत नाही, इस्त्री मोडत नाही. मे महिना, विदर्भाचं ऊन. मांडवात बा असा निथळत होता की पाहुण्यांना वाटलं, मुलगी सासरी जाते म्हणून याला रडू आवरत नाही. पाठवणी झाल्याबरोबर त्यानं तो शर्ट काढला, जुनी सुती बंडी चढवली आणि बाजेवर पडून म्हणाला, "आता जिवात जीव आला!" आयुष्यभर लोकांच्या अंगासाठी कापूस पिकवला, त्याचा आराम त्याला असा एका बंडीत गवसला.

मीही कमी नव्हतो. नोकरीभर कडक इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, पायात बूट. मास्तरानं मास्तरासारखं दिसावं, हा आग्रह. निवृत्तीनंतर सूनबाईंनी एक सैलसर सुती टी-शर्ट आणला. वर्षभर तो कपाटात ठेवला. एकदा धीर करून तो, पायजमा आणि साधी चप्पल अशा थाटात भाजीबाजारात गेलो. एक जुना विद्यार्थी समोरून आला, पुढे गेला, परत आला आणि म्हणाला, "सर? तुम्ही आहात?" मी म्हटलं, "अरे, मीच आहे. आत्ता कुठं मी आहे!" साठीनंतर कळलं की अंगाला हवा लागू देणं हेही सुखच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत, फक्त लोक काय म्हणतील ही भीती खुंटीला टांगावी लागते.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाही तर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. शेतकऱ्यानं भाकरी-ठेच्यात सुख मानावं, कापसाचा भाव मागू नये, असं मी म्हणत नाही. असं म्हणणाऱ्याला माझ्या मायनंच वखराच्या पासेनं हाकललं असतं. इरव्यानं कर्ज फिटत नाही. कापसाला भाव मिळालाच पाहिजे, पीक बुडालं तर आधार मिळालाच पाहिजे. ते हक्काचं आहे. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटन केलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणाऱ्या एका शेतकरी बाईनं. पुस्तकांचा सोहळा आणि शेतातलं दुःख एका मांडवात उभं राहिलेलं आम्ही पाहिलं. तिचं बोलणं ऐकताना माझ्या शेजारचा माणूस मान खाली घालून बसला होता. दुःख झाकून सुखाच्या गोष्टी करता येत नाहीत. पण दुःख मोठं आहे म्हणून सुखाला रजा द्यावी, हेही मला पटत नाही. पाऊस दगा देतो, भाव पडतो, तेव्हा माणसाला संध्याकाळी घराकडे वळावंसं वाटलं पाहिजे. त्या वाटेवर काहीतरी हिरवं लागतं.

दुर्दैव असं की शेतातला खराखुरा इरवाही आता दिसेनासा झाला आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, मग पाकिटातलं बियाणं आलं, सोयाबीन पसरलं, तणनाशकाची फवारणी आली. तणनाशकाला अंबाडी आणि गवत यांतला फरक कळत नाही. मुख्य पिकापेक्षा वेगळं जे दिसेल ते तण! मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकरी फवारतो. त्याला दोष कसा द्यावा? पण ज्या बाईच्या शेतात भाजी मोफत उगवायची, ती आता आठवडी बाजारात पावकिलो भेंडी विकत घेते. आपल्या दिवसाचंही असंच झालेलं नाही का? कामाचं नाही ते सगळं तण समजून आपण फवारत सुटलो आहोत.

आता शेवटाकडे येतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मोठ्या रेल्वेमार्गाचं काम आमच्याकडे चालू आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. मी मुलाला म्हटलं, कळंबहून गाडीनं वर्ध्याला जाऊन येतो. मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला? गाडी यवतमाळपर्यंत येऊ द्या, मग आपण सगळेच आरामात जाऊ." बोलणं शहाणपणाचंच होतं. पण माझ्या कानात वाक्य वेगळंच वाजलं. मी म्हटलं, "नाही रे. कापूस विकायची वाट पाहायची नाही."

नातवाला घेतलं. एसटीनं कळंबला गेलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि गाडीत बसलो. अंगात तोच सैल टी-शर्ट. पत्नीनं डब्यात भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली होती. शेंगदाणे घेतले ते कागदाच्या पुडीत. नातवानं पुडी रिकामी करून कागद सरळ केला आणि त्यावर छापलेलं अडखळत वाचू लागला. क्रिकेटची अर्धी बातमी होती. मी विचारलं, "बरं, पुढं काय झालं असेल?" भिडी गेलं, देवळी गेलं, तरी त्याचा सामना संपेना. वर्ध्याला उतरलो तेव्हा शेजारच्या रुळावरून एक लांबलचक गाडी धडधडत गेली. नातू टाळ्या पिटत होता. मी उगाच चष्मा पुसत होतो.

परवा बोरीला गेलो होतो. शेत आता पुतण्या पाहतो. बांधाला लागून त्यानं तीन तासं फवारणीतून सोडली होती. विचारलं, तर म्हणाला, "आईनं सांगितलं, इथं औषध मारशीन तं घरात घेणार नाही." पाहिलं, तर अंबाडी कमरेएवढी झाली होती, मधून बरबटीचे वेल चढलेले. वहिनी तिथंच शेंगा तोडत होत्या. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत अंबाडीची जुडी घातली आणि पदराच्या गाठीतून चिमूटभर बी काढून कागदात बांधून दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, कुंडीत टाकजा. कुठंबी येते."

ते बी मी आमच्या गच्चीवरच्या दोन कुंड्यांत टाकलं आहे. आजच सकाळी पाहिलं, दोन पानं वर आली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)